वाचकांचे प्रश्न : चुंगडीवर शिकता येतं सीपीआर

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत आठवी-नववीच्या मुलांना सीपीआर (हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) शिकवायचं आहे. सरावाचा पुतळा नाही, मुलंही अंगाने बारीक. उपयोग होईल का?
(एक शिक्षिका, दारव्हा तालुका)

उत्तर : होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली शाळकरी मुलांना सीपीआर शिकवण्याच्या ‘किड्स सेव्ह लाइव्हज’ मोहिमेला पाठिंबा दिला, त्यातली शिफारसच अशी आहे : बाराव्या वर्षापासून वर्षाला दोन तास. दाबायला हाताची ताकद कमी आणि अंगाचा भार जास्त लागतो. कोपर वाकवलं की मूल लगेच दमतं. खांदे तळव्यांच्या बरोबर वर, कोपरं ताठ, वाकायचं ते कंबरेतून. तरीही पाच-सहा सेंटिमीटर दाब जमला नाही, तर १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवणं आणि मोठ्यांकडून दाबून घेणं एवढं तरी त्याला यायलाच हवं.

पुतळ्यासाठी लहान चुंगडी (पोतं) चिंध्यांनी ठासून भरा. मधोमध दोन लिटरची रिकामी बाटली, झाकण घट्ट लावून, आडवी ठेवा. झाकण सैल असलं की बाटली चपटी होते ती तशीच राहते. छाती मात्र प्रत्येक दाबानंतर पूर्ण वर यायला हवी, आणि मुलं नेमकी तिथेच घाई करतात. चुंगडी जमिनीवरच ठेवा. बाजेवर दाबलं तर छातीऐवजी बाजच खाली जाते. धडधाकट मुलाला झोपवून त्याच्या छातीवर सराव अजिबात नको.

वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे तीस दाब १५ ते १८ सेकंदांत. घड्याळ लावून बघा. मोजणीत एक मराठी अडचण आहे : दहापर्यंत तोंड भराभर चालतं, पण ‘अठ्ठावीस, एकोणतीस’ला जीभ रेंगाळते आणि तिच्यामागे हातही. म्हणून ‘एक ते दहा’ तीनदा म्हणायला लावा. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला.

पहिला तास मात्र ओळखण्यावर घाला. हाक मारून, खांदे हलवून उत्तर नाही आणि दहा सेकंद छातीकडे बघूनही नीट श्वास दिसत नाही, की दाब सुरू. मासोळीसारखं अधूनमधून तोंड उघडणं, घरघर, आचके हा श्वास नव्हे. भोवतालची गर्दी ‘चालू आहे, चालू आहे’ म्हणत कांदा हुंगवते, तोंडात पाणी ओतते. वेळ तिथेच जातो.

प्रश्न : शेततळ्यात बुडालेल्याला किंवा मोटारीच्या करंटने पडलेल्यालाही हेच करायचं का?
(एक पालक, वरुड)

उत्तर : हो, पण आधी स्वतःचा जीव सांभाळा. मुलांनी पाण्यात उडी मारू नये. दोर किंवा झाकण लावलेली रिकामी कॅन फेकावी. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबणं बंद. श्वास द्यायला शिकलेल्याने आधी श्वास द्यावेत, मग तीस दाब आणि दोन श्वास. करंट असेल तर आधी मेन स्विच बंद. तुटून पडलेल्या तारेजवळ काठी घेऊनसुद्धा जायचं नाही. फवारणीची विषबाधा असेल तर तोंडाने श्वास नको, फक्त दाब.

प्रश्न : बरगडी मोडली तर?
(एक आजोबा, मूल तालुका)

उत्तर : कधी कधी मोडते. कडकन आवाज आला तर तळवा छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर आहे ना, एवढं बघायचं आणि दाबत राहायचं. माणूस हालचाल करेपर्यंत किंवा १०८चे लोक हातात घेईपर्यंत.