समुद्रातला खोटा तळ

प्रश्न : भर समुद्रात प्रतिध्वनीवरून खोली मोजताना खऱ्या तळाच्या कितीतरी वर दुसराच एक ‘तळ’ उमटतो आणि तो समुद्री प्राण्यांमुळे दिसतो, असे वाचले. पाण्यासारखेच मऊ अंग असलेले प्राणी ध्वनी परत कसा पाठवतात?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. घनता किंवा ध्वनीचा वेग जिथे एकदम बदलतो तिथूनच ध्वनी परततो, आणि माशाच्या मांसात हा बदल जेमतेम असतो. खरा कर्ता असतो तो अनेक माशांच्या पोटातला वाताशय, म्हणजे वायूने भरलेली पिशवी. पाण्यातून वायूच्या सीमेवर आलेला ध्वनी जवळजवळ पूर्ण उलटतो. शिवाय हा वायू दबतो आणि फुगतो, त्यामुळे ठरावीक वारंवारतेला तो जोराने थरथरू लागतो आणि आपल्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त ध्वनी चहूकडे विखुरतो. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा पृष्ठभागाजवळ सुमारे ३.३ किलोहर्ट्झला असा थरथरतो. ३०० मीटर खोलीवर दाब सुमारे ३१ पट असल्याने तेवढ्याच आकाराच्या बुडबुड्याला सुमारे १८ किलोहर्ट्झ लागतात.

क्रिलसारख्या (कोळंबीसारखे दिसणारे छोटे समुद्री जीव) वायुहीन जिवांचा प्रतिध्वनी क्षीणच असतो. ३८ किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी पाण्यात सुमारे ४ सेंटिमीटर भरते, आणि त्याहून फार लहान जीव त्या ध्वनीला जवळपास दिसतच नाहीत.

खोट्या तळासारखा दिसणारा प्राण्यांचा हा थर १९४२ साली कॅलिफोर्नियाजवळ, युद्धकाळातील ध्वनिप्रयोगांत, सुमारे ३०० मीटरवर सापडला. तो संध्याकाळी वर येतो आणि पहाटे खाली जातो, हे १९४५ मध्ये कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेचे जीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनी दाखवले. हा थर म्हणजे थंड-गरम पाण्याची निर्जीव सीमा असती, तर तिला सूर्याचे वेळापत्रक पाळण्याचे काही कारण नव्हते!

मात्र प्रतिध्वनी मोठा म्हणून मासेही फार, असा हिशेब मांडणे मला धोक्याचे वाटते. सायफोनोफोर हे जेलीफिशचे नातलग; त्यांच्यापैकी काहींच्या टोकाला वायूचा इवलासा फुगा असतो आणि तो माशाच्या वाताशयासारखाच घुमतो. उलट, काही जातींच्या कंदीलमाशांमध्ये (अंगातून प्रकाश देणारे खोल समुद्रातले छोटे मासे) वय वाढेल तसा वाताशय आक्रसतो किंवा चरबीने भरतो, त्यामुळे पूर्ण वाढलेला मासा आपल्याच पिल्लापेक्षा मंद प्रतिध्वनी देऊ शकतो. म्हणूनच संशोधक एकाच थरावर अनेक वारंवारतांचे ध्वनी सोडतात आणि जोडीला जाळी व कॅमेरेही उतरवतात.