एंजल, प्रेषित आणि वेठ

प्रश्न असा आहे: 'नीऑन जेनेसिस इव्हँजेलियन' या जपानी मालिकेवर मराठीत लेख लिहायचा आहे. तिच्यात माणसांवर चालून येणाऱ्या अजस्र जीवांना इंग्रजीत 'एंजल' म्हणतात. त्यांना मराठीत देवदूत म्हणावं की आणखी काही? आणि त्यांच्याशी लढणाऱ्या 'एव्हा'ला यंत्रमानव म्हटलं तर चालेल का?

आधी एक सांगतो, परी म्हणू नका. 'एंजल' दिसला की 'परी' लिहायची साथ आली आहे. परी फारसी, तिचं कूळ वेगळं, तिचं काम वेगळं. एका ध्वनिफितीत मी 'पऱ्यांशी लढणारे रोबो' असं या मालिकेचं वर्णन ऐकलं आणि तिथेच ती बंद केली. मालिकेतल्या टोकियो-३ या शहरावर पाचव्या भागाच्या शेवटी तरंगत येऊन सहाव्यात जमिनीत भोक पाडणारा निळा अष्टफलक, रामिएल नावाचा एंजल, ज्याने पाहिला आहे, त्याच्या तोंडून परी हा शब्द निघेलच कसा?

'नीऑन'चंही एका ओळीत उरकतो. त्याचा दुकानाच्या पाटीशी संबंध नाही. ग्रीकमध्ये 'नेऑन' म्हणजे नवं. 1898 साली सापडलेल्या वायूलाही नवा म्हणूनच ते नाव मिळालं. जपानी शीर्षकात नीऑनही नाही आणि जेनेसिसही नाही. तिथे 'शिन सेइकी', म्हणजे 'नवं शतक', एवढंच आहे.

आता एंजल. हिदेआकी आन्नो यांची ही 26 भागांची मालिका ऑक्टोबर 1995 ते मार्च 1996 या काळात टीव्ही टोकियोवर झाली. तिच्यातली पात्रं या जीवांना एंजल म्हणतच नाहीत, 'शितो' म्हणतात. जपानी ख्रिस्ती लोकांच्या भाषेत शितो म्हणजे येशूचे बारा शिष्य, ज्यांना त्याने जगात पाठवलं ते. देवदूतासाठी जपानीत 'तेन्शी' हा वेगळा, रोजच्या वापरातला शब्द आहे. 'तेन' म्हणजे स्वर्ग आणि 'शी' म्हणजे दूत, आपल्या देवदूताचा जुळा भाऊच. तो हाताशी असताना लेखकांनी मुद्दाम शितो घेतला. मराठी बायबल उघडा, बारा शिष्यांसाठी तिथे काय आहे? 'प्रेषित'. 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तकाचं नावच आहे. ग्रीक 'अपोस्तोलोस' म्हणजे पाठवलेला, प्रेषित म्हणजेही पाठवलेला. त्यामुळे तुमच्या लेखात 'तिसरा प्रेषित साकिएल' असं लिहा. इंग्रजीला जे जमलं नाही ते मराठीत आयतं तयार आहे.

यावर दोन हरकती येतील, दोन्ही मला पाठ आहेत. पहिली अशी की मराठीत प्रेषित म्हणजे पैगंबर. आहे, तोही अर्थ रूढ आहे. पण मराठी बायबलाने पैगंबरासाठी 'संदेष्टा' हा स्वतंत्र शब्द राखून ठेवला आहे, आणि इथे संदर्भ बायबलाचा आहे. दुसरी हरकत जास्त वजनाची: मालिका करणाऱ्यांनीच पहिल्या भागाच्या इंग्रजी नावात 'एंजल' घातलाय, मग तुम्ही कोण शहाणे? शिवाय साकिएल, रामिएल, झेरुएल ही सगळी नावं यहुदी-ख्रिस्ती परंपरेतल्या देवदूतांच्या साच्यातली. शेवटचा 'एल' म्हणजे हिब्रूत देव. इस्राफेल तर आपल्याकडच्या मुसलमान घरांतही ओळखीचा आहे, कयामतीच्या दिवशी कर्णा फुंकणारा इस्राफील. हे सगळं कबूल. तरीही नाव देवदूताचं आणि हुद्दा प्रेषिताचा, ही जी गाठ लेखकांनी जपानीत मारली ती मराठीत सुटू द्यायची नाही, एवढंच माझं म्हणणं. 'यात काही अर्थच नाही, क्रूस नुसते शोभेला आहेत' असं सांगणारे विद्वान भेटतात. ते सहायक दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांचा हवाला देतात. इतर रोबोमालिकांहून वेगळं दिसावं म्हणून धर्माचा रंग दिला आणि जपानमध्ये ख्रिस्ती धर्म अपरिचित असल्याने तो गूढ वाटेल असा हिशोब होता, असं त्सुरुमाकी म्हणाले होते. म्हणाले असतील. शब्द कशासाठी उचलला यावरून शब्दाचा अर्थ ठरत नाही. तसं असतं तर आपल्या निम्म्या मुलांची नावं निरर्थक ठरली असती.

आता यंत्रमानव. खरी गंमत इथे आहे.

पहिल्याच भागात मालिकेचा नायक, चौदा वर्षांचा शिंजी, अंधारात एव्हाचा प्रचंड चेहरा बघतो आणि विचारतो, हा रोबो का? शास्त्रज्ञ रित्सुको त्याला दुरुस्त करते: हा 'जिन्झो निंगेन', माणसाने घडवलेला माणूस. पुढे कळतं की वरचं चिलखत हे चिलखतच नव्हे, आतल्या जिवंत देहाला आवरून धरणाऱ्या त्या बेड्या आहेत. म्हणून बरेच जाणकार छाती पुढे काढून सांगतात, एव्हा रोबो नाहीच. त्यांनी 'रोबो' हा शब्द जन्मला तेव्हाचा अर्थ पाहिलेला नाही. कारेल चापेकच्या 1920 सालच्या चेक नाटकात हा शब्द पहिल्यांदा आला, आणि तो सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. त्या नाटकातले रोबो लोखंडाचे नाहीतच. ते कारखान्यात कालवलेल्या सजीव द्रव्यापासून केलेली माणसं आहेत, जिन्झो निंगेनच. पत्रा, खिळे, दिवे हे सगळं नंतर चिकटलं. तेव्हा अस्सल अर्थाने बघाल तर माझिंगर या जुन्या जपानी मालिकेतल्या पोलादी रोबोपेक्षा एव्हाच अधिक रोबो ठरतो, आणि 'यंत्रमानव' हा आपला लाडका प्रतिशब्द त्या मूळ रोबोलाच लागू पडत नाही.

मग लागू पडेल असा कोणता? चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने बिनमोल करायचं सक्तीचं काम. याला मराठीत शब्द शोधावा लागत नाही. वेठ! रोबो म्हणजे वेठ्या, वेठबिगार. मला हा साक्षात्कार झाल्यापासून 'यंत्रमानव' लिहवत नाही.

वेठीची वंशावळ ऐका. संस्कृत 'विष्टि' म्हणजे सक्तीची मजुरी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ती आहे. त्याहून जवळचा पुरावा विदर्भात आहे: वाकाटकांच्या ताम्रपटांत गाव दान देताना 'सर्वविष्टिपरिहारपरिहृत' असं लिहिलेलं असतं, म्हणजे या गावावरून सगळी वेठ उठवली. अमरावती जिल्ह्यातल्या चम्मकचा, दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट बघा. विष्टीची विट्ठि, विट्ठीची वेठ, सरळ रस्ता. कुणी ती 'वेष्ट' म्हणजे गुंडाळणे इथून आणतात, 'माणूस कामात गुंडाळला जातो म्हणून'. असल्या व्युत्पत्तीला मी विनोद समजतो. पुढे फारसीतला बेगार आला आणि शेजारी बसला, बाजाराशेजारी हाट किंवा कागदाशेजारी पत्र बसावं तसा. वेठबिगार. राज्यघटनेच्या 23व्या कलमाने तिला मनाई आहे, म्हणजे शब्दश: घ्यायचं तर आपल्याकडे रोबो घटनाबाह्य आहे.

आणि इतक्या घरंदाज शब्दाचं आपण काय केलं? 'संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरलं.' दर संपाला, दर बंदला हे वाक्य छापून येतं. प्रवासी फलाटावर बसून आहेत, त्यांच्याकडून कुणी काडीचं काम करून घेत नाही, मग वेठ कसली? त्यांना अडवलं, खोळंबवलं, ओलीस धरलं असं म्हणा. वेठीस धरणं म्हणजे माणूस पकडून त्याच्या डोक्यावर ओझं देणं. शंका असेल तर पुन्हा मराठी बायबलाकडे चला. वधस्तंभ वाहून न्यायला शिपाई रस्त्यावरचा कुरेनेकर शिमोन पकडतात, तिथे त्याला 'वेठीस धरलं' आहे. बायबलातल्या मत्तयाच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात एक कोस वेठीस धरून नेणाऱ्याबरोबर दोन कोस जायला सांगितलंय, तिथेही हाच वापर. भाषांतर करणाऱ्यांना शब्द कळत होता. (शिमोनाने वाहिलेल्या त्याच वधस्तंभावरच्या देहात खुपसलेला लाँगिनस या रोमी शिपायाचा भाला मालिकेतही आहे, प्रचंड आकाराचा.)

शिंजीला मात्र वेठीस धरलंय, आणि कसं, ते बघण्यासारखं आहे. बाप गेंदो त्याला बांधून ठेवत नाही. एव्हात बसून लढायचं असेल तर चढ, नाहीतर घरी जा, एवढंच वरून बोलतो. मग एव्हा चालवणाऱ्या दुसऱ्या मुलीला, बँडेजात गुंडाळलेल्या रेईला स्ट्रेचरवरून समोर आणतात, तू नाही तर ही जाईल. पोरगा स्वत:च म्हणतो, पळायचं नाही, पळायचं नाही. वर रोबो, आत शिंजी, दोघेही वेठीला.

बायबलातल्या त्या दोन्ही जागी मूळ ग्रीक क्रियापद आहे 'अंगारेउओ'. ते आलं 'अंगारोस'वरून, आणि अंगारोस म्हणजे इराणी बादशहाचा घोडेस्वार जासूद. हेरोडोटसने आठव्या पुस्तकात या डाकेचं वर्णन केलंय: दर दिवसाच्या मजलेला एक घोडा, एक माणूस, बर्फ असो, पाऊस असो, ऊन असो की रात्र. या जासुदाला वाटेत कुणाचंही जनावर, कुणाचीही माणसं कामाला ओढता येत, म्हणून त्याच्या नावावरून सक्तीच्या कामाचं क्रियापद झालं. आता अंगारोस म्हणजे निरोप्या, आणि ग्रीक 'अँगेलोस' म्हणजेही निरोप्या. अँगेलोसचाच पुढे एंजल झाला. हे दोन शब्द पूर्वेकडून एकाच वाटेने आले असावेत असं माझं मत आहे, आणि ते मी सोडणार नाही. बहुतेक कोशकार इथे 'व्युत्पत्ती अनिश्चित' लिहून चहाला जातात. आपल्याकडचे काही उत्साही त्याच अँगेलोसला ऋग्वेदातल्या अंगिरसाशी जोडतात. त्यांचं म्हणणं, अग्नी हा देवांचा दूत, 'अग्निं दूतं वृणीमहे', आणि अग्नीलाच अंगिरस म्हटलंय, झालं काम! झालं नाही. ध्वनी जुळला म्हणून गोत्र जुळत नाही. माझ्या बाजूला निदान एक घोडा आहे.

म्हणजे माझं खरं असेल तर रोबो वेठीचा आणि एंजलही वेठीच्याच घरचा. शिवाय 'इव्हँजेलियन' या नावात एंजल बसलेलाच आहे: एउ म्हणजे शुभ, अँगेलिऑन म्हणजे निरोप, आपलं 'शुभवर्तमान'. होमरच्या काळात याचा अर्थ चांगली बातमी आणणाऱ्याला द्यायचं बक्षीस असा होता, आपण तोंडात साखर घालतो ते. मालिकेतही एव्हा घडवले आहेत ते पहिल्या प्रेषिताच्या, आदामाच्या देहापासून (शिंजीचा एव्हा दुसऱ्या प्रेषितापासून, लिलिथपासून). शत्रू नावातही आत आहे आणि अंगातही. हे त्यांनी ठरवून केलं की जमून आलं, मला फरक पडत नाही.

विचारलेलं नाही, पण पुढे अडाल म्हणून सांगून टाकतो. मालिकेतल्या गुप्त मसलतीचं नाव 'जिनरुइ होकान केइकाकु'. इंग्रजी रूपात तिथे 'इन्स्ट्रुमेंटॅलिटी' घातलंय, आणि ते वाचून मराठीत कुणी 'मानवी साधनीकरण' लिहिलेलं माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. होकान म्हणजे उणीव भरून पुरं करणं. प्रत्येक माणसाच्या मनात एक भोक आहे, सगळ्यांना एकमेकांत विरघळवून ते बुजवायचं, अशी ती योजना. संस्कृतात याला 'पूरण' म्हणतात. पोळीतलं पुरण तेच, वर्तमानपत्राची पुरवणी त्याच घरातली. 'मानवपूरण योजना' लिहा. पूरणचं पुराण करू नका. अर्थात थॉमस स्टीफन्सने 1616 साली गोव्यात बायबलाची कथा मराठी ओव्यांत सांगितली, तिला आपण 'ख्रिस्तपुराण' म्हणतोच, तेव्हा मालिकेला 'पौराणिक' म्हणायला माझी हरकत नाही.

यंत्रमानवाचं राहिलं. 'एव्हा' असंच लिहा, पहिल्यांदा येईल तिथे 'मानवनिर्मित मानव' अशी फोड करा. 'वेठ्या' लिहायचं धाडस असेल तर माझा पाठिंबा आहे, संपादक मात्र तुम्हाला फोन करेल.