बडोद्याच्या उन्हाळ्यात एलईडी फेस मास्क (चेहऱ्याच्या त्वचेवर प्रकाश टाकणारा मुखवटा) दहा मिनिटंही सहन होत नाही, डिझाइनमध्ये काय बदलू?
बॅटरी मास्कमधून काढून वायरने खिशात न्या आणि कडक प्लास्टिकऐवजी मऊ सिलिकॉन वापरा. मी बडोद्यातल्याच मकरपुऱ्यात अशा उपकरणांचे नमुने बनवतो. वजन नाकावर आलं की वळ उठतात, म्हणून ते कपाळ आणि गालांच्या हाडांवर येऊ द्या. एक पट्टा डोक्यावरूनही हवाच. एलईडीतली बरीच वीज उष्णता होऊन जाते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर, त्यामुळे नाक-ओठांजवळ ऐसपैस मोकळी जागा ठेवा. ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश निदान दिसतो, ८३० चा अवरक्त प्रकाश दिसतच नाही. म्हणून डोळ्यांभोवतीची कड प्रकाश पूर्ण अडवणारीच करा, इथे तडजोड नको. मात्र वांग असेल किंवा डॉक्सिसायक्लिन (त्वचा प्रकाशाला हळवी करणारं प्रतिजैविक) चालू असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय चाचणीलाही कुणाला घालू नका.