भाजीवाल्याला थँक्यू, आणि घरच्या माणसाला?

मस्कतहून डिचोलीच्या एका सुनेचं पत्र आलंय. ती लिहिते, "ताई, पाचला उठून तिघांचे डबे, मग नोकरी, परत किचन. बारा वर्षांत ह्यांनी एकदा म्हणून जेवण बरं झालं म्हटलं नाही. पेटी कपाटावर पडून आहे, अर्धा तास वाजवायला बसले तरी चोरी केल्यासारखं वाटतं."

बाय, वाचून पोटात तुटलं गं. पत्रात तू विचारलेलं बाकीचं आधी उरकते. सासूबाईंचे दिवसाला तीन व्हिडिओ कॉल येतात तर येऊ देत, त्या गावी एकट्या आहेत, फोन नवऱ्याच्या हातात दे. मुलगी मराठीत उत्तर देत नाही तरी तू मराठीतच बोलत राहा. पर्वरीच्या फ्लॅटचं बँकेत विचारा.

आता माझा नेहमीचा विषय, देव बरें करूं, म्हणजे आपला कोंकणीतला थँक्यू. गोव्यात बसमध्ये कोणी जागा दिली तरी आपल्या तोंडून हे निघतं, तिकडे दुकानातल्या पोऱ्यालाही आपण शुक्रन म्हणतो, मग नवराबायकोतच जीभ का जड होते? घरच्या माणसाचे कसले आभार, असं आपल्या आयांनी शिकवलं, पण त्यांचं निभावलं कारण चवथीला भाज्यांचं खतखतें चाखून जावा, नणंदा, शेजारणी सगळ्या विचारायच्या, कोणी केलं गो? आणि दुपारी एक ते चार सगळा गोवा दारं ओढून आडवा व्हायचा, त्यात बाईही निजायची, तिला कोणी जाब विचारत नव्हतं. म्हणजे कौतुक वाड्यावरून यायचं आणि विश्रांती गावच्या वेळापत्रकात होती. परदेशात फ्लॅटचं दार लावलं की दोन्ही गेलं, उरला एकटा नवरा, आणि सगळ्या वाड्याचं कौतुक त्या एकट्याच्या तोंडून यावं अशी आपली अपेक्षा. त्याचंही तसंच आहे गं, त्याला तरी तिकडे शाबास म्हणणारं कोण आहे?

आम्ही दुबईत करामाला होतो तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची, हे पहाटे उठून देऱ्याच्या बाजारातून मासळी आणायचे आणि मी पिशवी उघडून म्हणायची, बांगडे कालचे दिसतायत. अकरा वर्षं! आणि आईला पत्रात लिहायची की हे माझ्या हुमणाला, मासळीच्या कालवणाला, कधी बरं म्हणत नाहीत. मग एकदा ह्यांना टायफॉइड झाला, तीन आठवडे मीच बाजार केला, ऑगस्टच्या उन्हात दोन पिशव्या घेऊन टॅक्सीची वाट बघितली तेव्हा कळलं. घरी येऊन म्हटलं, देव बरें करूं, इतकी वर्षं तुम्ही हे केलंत. ते गप्पच बसले. बरे झाल्यावर पहिल्यांदा भात-हुमण जेवले नि म्हणाले, तिरफळं थोडी जास्त पडलीत, पण बरं झालंय. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

म्हणून तुला थोडं रागावते. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, "सकाळी हे मला चाळीस मिनिटं गाडी चालवून ऑफिसला सोडतात," आणि लगेच तू पुढच्या तक्रारीवर गेलीस. हे त्याला कधी बोलून दाखवलंस? उद्या गाडीतून उतरताना म्हण. त्याला विचित्र वाटेल, तरी म्हण.

आणि पेटीचा वेळ मागून घे, तो ओळखेल म्हणून वाट बघू नकोस. तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते ना, मग सरळ सांग, शुक्रवारी पाच ते सात मी वाजवणार, मुलीला तुम्ही बघा. त्यासाठी आदल्या रात्री जागून दोन दिवसांचं रांधून ठेवू नकोस, नाहीतर ती कसली सुट्टी. शनिवारचे दोन तास त्याला दे, लग्नाआधी त्याला कशाची हौस होती ते विचार. पण तो घालूनपाडून बोलत असेल, वाजवायला अडवत असेल, तर गोष्ट वेगळी, मला परत लिही.

पेटी कपाटावरून एकटीने काढू नकोस हं, जड असते, त्याला हाक मार.