भाचीसाठी लेगो फ्रेंड्स की सिटी?

भाची सहा वर्षांची होतेय, लेगोच्या ठोकळ्यांच्या मालिकांपैकी फ्रेंड्सचा सेट घ्यावा की सिटीचा, आणि फ्रेंड्सच्या त्या गुलाबी-जांभळ्या खोक्यात खरे ठोकळे असतात का, असं तुम्ही विचारलंय. असतात. माप एकच आहे. फ्रेंड्सच्या कॅफेची भिंत सिटीच्या फायर स्टेशनवर बिनदिक्कत बसते.

तुमची शंका मात्र अगदीच हवेतली नाही. मुलींसाठी म्हणून लेगोने आधी जे काढलं त्यात बांधण्यासारखं फार नसायचं. १९७९ची स्काला म्हणजे दागिने. १९९४ पासूनच्या बेलव्हिलमध्ये मोठ्या बाहुल्या आणि आयते मोठे तुकडे. २००३ची क्लिकिट्स, तर पुन्हा दागिनेच! २०१२ मध्ये फ्रेंड्स आली ती काही वर्षं मुलींचं खेळणं पाहून. त्यांना घराच्या आतला तपशील हवा होता, आणि सगळं बांधून होईपर्यंत थांबायचं नव्हतं. म्हणून खोक्यातल्या ठोकळ्यांच्या पिशव्या अशा भरल्या की अर्ध्या बांधकामावरही खेळ सुरू करता यावा. ही युक्ती मला आवडते, मुलग्यांनाही ती हवीच असते.

तरी अमेरिकेत विरोध झालाच. ५०,००० हून जास्त सह्या गोळा झाल्या. पहिल्याच वर्षी ब्युटी शॉप काढल्यावर दुसरं काय होणार? पण त्याच वर्षी प्राण्यांचा दवाखाना आणि ऑलिव्हिया या पात्राची नवे शोध लावायची कार्यशाळाही होती, हे भांडणात मागे पडलं.

माझी तक्रार रंगाबद्दल नाही, बाहुलीबद्दल आहे. फ्रेंड्समधली मिनी-डॉल दिसायला नाजूक, पण तिचे दोन्ही पाय एकदमच हलतात आणि मनगट फिरत नाही. सिटीतल्या मिनिफिगरचे, म्हणजे लेगोच्या नेहमीच्या छोट्या माणसाचे, पाय वेगवेगळे हलतात, मनगटही वळतं. म्हणजे मुलींच्या वाट्याला कमी हालचाल करणारं माणूस आलं, हे मला आजही खटकतं. केस आणि हातातल्या वस्तू मात्र दोघांच्या अदलाबदल होतात.

गंमत म्हणजे १९७४ च्या एका पत्रकात याच कंपनीने पालकांना लिहिलं होतं की निर्मितीची ओढ मुलगे आणि मुली दोघांत सारखीच असते. मुलग्यांनी बाहुलीघर बांधलं आणि मुलींनी यान बांधलं तरी चालेल, असंही त्यात होतं. २०१४ मध्ये एलेन कोइमन या भू-रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या कल्पनेवरून तीन महिला शास्त्रज्ञांचा सेट आला, तोही साध्या मिनिफिगरचा, आणि हातोहात खपला. २०२१ मध्ये कंपनीने मुलगा-मुलगी भेदाच्या ठरीव कल्पना आपल्या खेळण्यांतून काढून टाकू असं जाहीर केलं. २०२३ पासून फ्रेंड्सच्या टोळीत मुलगेही आहेत.

तर, घ्यायचं काय? भाचीला गोष्टी रचायला आवडत असतील, तर फ्रेंड्स. गाड्या, क्रेन, रॉकेट आवडत असतील तर सिटी. तिला न विचारता ठरवू नका. खोक्यावर ४+ असेल तर त्यात मोठे आयते भाग असतात. हात बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीला ते लवकर कंटाळवाणं होतं. त्याच किमतीच्या दोन सेटमधला पीस जास्त असलेला आणि मोठे तयार भाग कमी असलेला निवडा. २०२० मध्ये भारतात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, नंतर आणखी वाढलं, त्यामुळे आपल्याकडे एकेक सेट खिशाला जड जातो. म्हणून एकच मोठा सेट घेण्यापेक्षा फ्रेंड्सचा किंवा सिटीचा छोटा सेट आणि सोबत लेगो क्लासिकचा सुट्या ठोकळ्यांचा डबा घ्या. पुस्तिकेतलं कॅफे मोडल्यावर पुढचं बांधायला तो डबाच उपयोगी पडतो.