पाच-सहा जणांच्या वास्तुरचना कार्यालयाने बिमकडे (इमारतीचे माहितीसह त्रिमितीय मॉडेल संगणकावर करून त्यातूनच ड्रॉइंग काढण्याच्या पद्धतीकडे) वळावे, की ते मोठ्या कंपन्यांचेच काम आहे?

बिम म्हणजे मोठ्या कंपन्यांची चैन, असे मीही बरीच वर्षे समजत होतो. वस्तुतः आर्चिकॅडसारखे बिमचे सॉफ्टवेअर १९८०च्या दशकातच वैयक्तिक संगणकावर चालत होते. लहान आणि मध्यम अशा दोन्ही कार्यालयांत काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की अडचण सर्वांनाच येते, पण सर्वांत जास्त ओढाताण होते ती मध्यम आकाराच्या कार्यालयाची.

मोठ्या कंपनीत मॉडेलची जबाबदारी सांभाळणारा स्वतंत्र माणूस असतो आणि बहुधा ग्राहकाचीच तशी अट असते. ब्रिटनने २०१६पासून केंद्र सरकारच्या प्रकल्पांना बिम बंधनकारक केले, तेव्हा अशा कंपन्यांपुढे पर्यायच उरला नाही. तीस-चाळीस जणांच्या कार्यालयात मात्र अर्धे लोक मॉडेलवर आणि अर्धे जुन्या द्विमितीय ड्रॉइंगवर काम करत राहतात. आमच्याकडे एका प्रकल्पात ऐन वेळी जिन्यातला बदल मॉडेलमध्ये न करता त्यातून काढलेल्या ड्रॉइंगवरच केला गेला, पुढच्या वेळी मॉडेलमधून नवा संच निघाला आणि साइटवर जुनाच जिना पोहोचला. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. बदल कुठे करायचा हेच कोणी ठरवून दिले नव्हते.

तुमच्या कार्यालयात हा नियम एका बैठकीत ठरू शकतो, हा तुमचा मोठा फायदा आहे. भिंत सरकवली की प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन आणि दारे-खिडक्यांचे तक्ते एकत्रच बदलतात, आणि स्ट्रक्चरल सल्लागार अजून द्विमितीय ड्रॉइंगच पाठवत असला तरी एवढा लाभ तुम्हाला एकट्यानेही मिळतो. त्याची किंमत अशी की एक जण शिकायला बसला की तुमच्या मनुष्यबळाचा पाचवा-सहावा हिस्सा कामातून बाजूला होतो. म्हणून पहिला प्रकल्प तुमच्या सवयीच्या प्रकारातला आणि मुदतीची घाई नसलेला निवडावा, त्यातूनच टेम्प्लेट तयार करावे आणि प्राथमिक टप्प्यात दाराची मूठसुद्धा मॉडेलमध्ये घालण्याचा मोह टाळावा. (हा मोह हुशार नवशिक्यांनाच अधिक होतो.)

ज्याची चर्चा कमी होते, तो प्रश्न मानधनाच्या हप्त्यांचा आहे. मॉडेलमध्ये भिंतीची जाडी, मजल्यांची उंची असे निर्णय लवकर घ्यावे लागत असल्याने श्रम सुरुवातीच्या टप्प्यांत वाढतात आणि बांधकामाची ड्रॉइंग काढताना कमी होतात. करारातील हप्ते जर जुन्याच पद्धतीने शेवटाकडे झुकलेले असतील, तर मोठी कंपनी ते अंतर इतर प्रकल्पांच्या उत्पन्नावर भरून काढते, लहान कार्यालयाची मात्र पगाराच्या तारखेला कोंडी होते. त्यामुळे सॉफ्टवेअर घेण्याआधी पुढच्या कराराचा मसुदा बदलून घ्या, असे मी सुचवीन.