वाचकांचे प्रश्न : छपरावरची वीज, अंगणातली गाडी

प्रश्न : घरावर ३ किलोवॉटचं सोलर आहे, नेट मीटर (बाहेर दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा) आहे. विजेवरची गाडी रात्री जेवणं झाली की चार्जिंगला लावतो. दिवसाचं युनिट आणि रात्रीचं युनिट बिलात सारखंच, मग दुपारी लावून काय वेगळं मिळणार?
– वाचक, गुहागर तालुका

उत्तर : दिवसाचा-रात्रीचा दर एकच असेल तर बिलाचा हिशोब बरोबर आहे, पण लाइनचा हिशोब वेगळा. आपल्याकडची वाडी बहुधा डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, लांब असते. भर दुपारी भार नसतो, तेव्हा छपरावरची वीज त्या लांब तारेतून बाहेर ढकलताना तुमच्याकडचं व्होल्टेज चढतं. २३०च्या १० टक्के वर, म्हणजे २५३च्या आसपास गेलं की सोलरचा इन्व्हर्टर लाइनपासून सुटतो. थोड्या वेळाने जोडला जातो, पुन्हा सुटतो. ऐन उन्हातली युनिटं मीटरपर्यंत पोचतच नाहीत! इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’च्या नोंदी बघा. ११ ते २ दरम्यान त्या ओळीने दिसल्या तर हेच चाललंय. त्या वेळी गाडी लावली की वीज घरातच खपते, व्होल्टेज आवाक्यात राहतं.

चार्जरला करंट कमी करायची सोय असेल तर १० अँपिअरवर ठेवा. म्हणजे साधारण २.३ किलोवॉट, तुमचं सोलर दुपारी जेवढं देतं जवळपास तेवढंच. १० ते ३ लावलीत तर साडेअकरा युनिटं जातील, घट वजा जाता दहाएक बॅटरीत पडतील. लहान गाडीला घाटरस्ता धरूनही ६० किलोमीटर सहज.

दुपारी गाडी घरी नसेल तर टायमर रात्री १२ नंतरचा लावा. संध्याकाळी ६ ते १० ही वेळ सगळ्यात वाईट. सूर्य मावळलेला, सगळ्यांचे दिवे-पंखे चालू. हा भार पेलायला पोफळीच्या वीजघरात कोयनेचं पाणी सोडावं लागतं, आणि वाडीच्या टोकाला व्होल्टेज पडतं ते वेगळंच.

पावसाळ्याची चिंता नको. मळभ धरलं की दिवसाच्या १२ युनिटांची ४ होतात खरी, पण शिल्लक युनिटं ३१ मार्चपर्यंत पुढे जातात. एप्रिल-मेची जमा जुलैत कामी येते.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये चार्जर अर्थिंगचा लाल दिवा दाखवून बंद पडतो. पावसात तोच चार्जर व्यवस्थित चालतो. चार्जर बदलू का?
– वाचक, राजापूर तालुका

उत्तर : चार्जरला दोष देऊ नका. तुमच्या अर्थिंगचा खड्डा जांभ्या दगडात असणार. जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि करंट जमिनीत उतरत नाही. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका; अर्थिंग कमकुवत असतानाही तो फेज ते अर्थ २३० दाखवू शकतो. वायरमनकडून अर्थ टेस्टर लावून घ्या, मे महिन्यातच. ५ ओहमच्या आत यायला हवं.

जास्त येत असेल तर दुसरा खड्डा घ्या, मोरीचं पाणी केळीला जातं तिथे. अडीच मीटरचा पाइप, पहिल्यापासून ५ मीटर दूर. जवळ घेतलात तर दुसऱ्याचा उपयोग कमी होतो. भरावाला मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) घाला, मिठाने पाइप गंजतो. दोन्ही पाइप पट्टीने जोडा. मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता.

आणि एक कळकळीने सांगतो. लाल दिवा घालवायला सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देणारे लोक आहेत. तसं अजिबात करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो, आणि ओल्या अंगणात अनवाणी मूल गाडीला हात लावतं.

प्रश्न : समुद्रालगत घर. गाडी लावतो त्या सॉकेटची भोकं काळी पडून प्लास्टिक वितळलं. काय करू?
– वाचक, देवगड

उत्तर : खाऱ्या हवेने आतली पितळी पट्टी हिरवी पडते, पकड सैल होते, आणि तासन्‌तास करंट वाहिला की तिथेच तापतं. घरगुती सॉकेट काढून झाकणाचं निळं औद्योगिक सॉकेट बसवा, पागोळ्यांपासून आत. बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जादा करंट तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा ‘ए’ टाइप आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). चार्जिंग अर्धा तास झाल्यावर प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर लगेच बंद करा.